प्लेटची मागची बाजू

४ फेब्रुवारी

वहिनी,

दादाच्या कारखान्यातून प्लेटांचं खोकं पोचलं आणि सगळ्यात वर ठेवलेलं तुझं पत्रही. आमचा स्टोअरवाला आता आधी पत्र काढून माझ्या टेबलावर आणून टाकतो आणि मग निवांत प्लेटा मोजायला बसतो. त्याच्या मते वहिनीचं पत्र आहे म्हणजे माल चोख आहे. दादाला हे सांगू नकोस, उगाच आणखी फुगायचा.

आता माझी बातमी. आमच्याकडे दर शनिवारी वर्ग सुरू झालाय. आत्तापर्यंत ड्रॉइंगवर मी मापंच घालत आले: भोक एवढं, कडेपासून एवढ्या अंतरावर, इतकं कमीजास्त चालेल. आता भोक किती सरळ हवं, बाजू किती सपाट हवी, हेही लिहायचंय. त्याला एक लांबट चौकट असते. आधी चिन्ह, मग चूक किती चालेल तो आकडा, आणि शेवटी ज्या बाजूपासून मोजायचं तिचं अक्षर. त्या बाजूला डेटम म्हणायचं. शिकवणारे गृहस्थ कारखान्याकारखान्यांतून हेच शिकवत हिंडतात. आम्ही त्यांना चौकटमास्तर म्हणतो, अर्थात त्यांच्या माघारी.

या वर्गाला मी नाक मुठीत धरून जात नाहीये, त्याला कारण आहे. आमच्या तपासनीसबाई यंदा निवृत्त होतायत. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात ‘तपासलं’ म्हणून सही करायची असते ना, ती त्यांची खुर्ची. साहेब म्हणाले, तुमच्या ड्रॉइंगवरून घडवलेला जॉब कधी परत आलेला मी पाहिला नाही, एवढा वर्ग नीट करा, मग बघू. ट्रेसिंग पेपरवर दुसऱ्यांच्या रेघा गिरवत मी इथे लागले होते, वहिनी. ती खुर्ची मला मिळाली तर आईच्या फोटोपुढे जाऊन सांगेन.

पहिलाच गृहपाठ असा आहे: स्वतःचं एक ड्रॉइंग घ्या आणि त्यातला डेटम का निवडला ते सांगा. मी आपली प्लेटच घेतली. रुग्णाला झोळीतून उचलायच्या आमच्या यंत्राच्या खांबावर बसते ती, जिच्या भोकात यंत्राच्या हाताची पिन जाते. डेटमची व्याख्या मला तोंडपाठ आहे पण डोक्यात काही शिरलेली नाही. तू इंजिनियर आहेस, शिवाय दिवसभर त्या प्लेटाच मोजत असतेस. मला समजेल असं सांग, आणि मास्तरांपुढे माझी लाज राख.

तुझी नणंद


११ फेब्रुवारी

वन्संबाई,

खुर्चीची बातमी वाचून बरं वाटलं. तुझ्या दादाला सांगायचं नाही म्हणालीस, पण तो पत्र माझ्या हातातून ओढूनच वाचतो, त्यामुळे तो फुगून बसलाय. त्यात मी काही करू शकत नाही.

डेटम समजायला पुस्तक बाजूला ठेव. घरातलं एखादं डुगडुगणारं टेबल घे. चार पायांतले एका वेळी तीनच जमिनीला टेकतात, चौथा कुरकुरत असतो. मशीनवर ठेवलेल्या जॉबचंही तेच. तो पहिल्या बाजूवर तीन टेकूंवर बसतो. तिथे बसला की वरखाली आणि कलंडणं बंद. मग तो दुसऱ्या बाजूने दोन टेकूंना भिडवायचा, आणि तिसऱ्या बाजूने एका. आता तो कुठे हलेल? कुठेच नाही. हे तिन्ही ठरल्याशिवाय ‘सरळ’ या शब्दाला काही अर्थ नाही. भिंतीवरचा फोटो वाकडाय असं आपण म्हणतो तेव्हा मनात छत असतं किंवा जमीन असते. ज्याच्या मनात छत आहे आणि ज्याच्या मनात जमीन आहे ते दोघं दिवसभर भांडतील आणि दोघंही बरोबर असतील.

म्हणून डेटम निवडायचा तो जॉब प्रत्यक्ष कशावर बसतो ते पाहून. कागदावर आपल्या समोर कोणती बाजू येते, मोजायला सोपी कोणती, हे नंतर.

वर्गासाठी मात्र प्लेट घेऊ नकोस. एखादा साधा खुंटीसारखा जॉब घे, समजावायला सोपा जातो. प्लेटचं ड्रॉइंग जसं आहे तसं राहू दे, चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची? माल जातोय, बसतोय, कोणाची तक्रार नाही.

वहिनी


२० फेब्रुवारी

वहिनी,

तुझं डुगडुगणारं टेबल मी वर्गात वापरलं आणि मास्तर खूश झाले. म्हणाले, हे कुठून आणलंत? मी म्हटलं, घरचं आहे.

तू सांगितलंस तरी मी घेतली प्लेटच. दुसऱ्या जॉबची मला एवढी माहिती नाही. मास्तरांनी ड्रॉइंग बराच वेळ पाहिलं. A हे अक्षर पुढच्या बाजूला का दिलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, मुख्य दृश्यात तीच बाजू समोर दिसते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, की जॉब येतात का बरोबर? म्हटलं, एकही परत गेलेला नाही. मग मी काय बोलणार, असं म्हणून ते पुढच्या बाकाकडे वळले. मला ती शाबासकी वाटली, पण माझ्या शेजारच्या टेबलावरच्या शेजारणीचं मत वेगळं आहे. तिला माझं काही बघवत नाही, ते सोड.

आमचे खरेदीवाले पुन्हा सुरू झालेत. सगळा माल एकाच कारखान्यातून घेणं बरं नाही, म्हणे. त्यांना मी आठवण करून दिली की मागे तीन ठिकाणी ही प्लेट करायला दिली होती आणि तिन्हीकडची फसली होती. नाचता येईना अंगण वाकडं, तसे तिघंही आमच्या ड्रॉइंगला नावं ठेवत होते. शेवटी आलो ना दादाकडेच? त्याच्या हातात जे आहे ते बाजारात मिळत नाही, हे मी साहेबांसमोर सांगितलं. बहीण म्हणून नाही सांगितलं, खरं आहे म्हणून सांगितलं.

तुझं पुढचं खोकं कधी?

तुझी नणंद


२ मार्च

वन्सं,

हे पत्र खोक्यातून नाही, टपालाने येतंय. मी माहेरी आले आहे. बाबा न्हाणीत घसरले, खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, आता उठवून बसवायचं चाललंय. आई एकटीने हे करू शकणार नाही आणि भाऊ परदेशी, तेव्हा महिनाभर तरी मी इथेच.

मोजायच्या खोलीची काळजी नको. तुझ्या दादाने एक इन्स्पेक्टर ठेवलाय. जाड भिंगांचा चष्मा आहे आणि ड्रॉइंग अक्षरन्अक्षर वाचतो. पहिल्याच दिवशी त्याने माझ्या मोजमापाच्या उपकरणांची दोन सर्टिफिकिटं जुनी झालेली काढून दाखवली. मला राग आला, पण तो बरोबर होता. त्याला सगळं समजावून आले आहे.

बाबा बोलतात कमी. शाळेत ज्यांच्या आवाजाने वर्ग चळचळा कापायचे ते आता पाणी मागतानाही खूण करतात. मला ते बघवत नाही. असो.

वहिनी


२४ मार्च

वहिनी,

बाबा कसे आहेत? तुला आत्ता त्रास द्यायची इच्छा नव्हती, पण दुसरं कोणाला विचारणार.

नव्या प्लेटा बसवून यंत्रं जोडली. मग नेहमीप्रमाणे माणसाच्या वजनाची वाळूची पोती झोळीत घालून चाचणी घेतली. हात मधोमध आणून सोडला की तो आपोआप डावीकडे सरकतो. जोरात नाही, शहाण्या मुलासारखा हळूहळू जातो आणि बाजूला जाऊन थांबतो. एका यंत्राचं असं झालं तर समजू शकतो. सगळ्यांचं तेच आहे, कुणाचं डावीकडे, कुणाचं उजवीकडे. झोळीत वाळूच्या जागी माणूस असेल आणि पलंगाची कड मध्ये आली तर काय होईल? सगळ्यांच्या मनात तेच होतं.

प्लेटांचे रिपोर्ट मी स्वतः पाहिले. तुझ्या त्या नव्या इन्स्पेक्टरने प्रत्येक प्लेट मोजलीय. भोकाचा काटकोन तर मर्यादेच्या निम्म्यातच आहे, तुझ्या रिपोर्टपेक्षाही सुंदर. मग चूक कुठेय? क्वालिटीचे साहेब म्हणतात, रिपोर्ट खोटे. त्यांना दादाचा कारखाना यादीतूनच काढायचाय, पुढच्या आठवड्यात त्यासाठी बैठक आहे. दादाला फोन केला तर तो माझ्यावरच ओरडला. म्हणे मशीन तेच, कारागीर तोच, त्याचा हात तोच. तुमचा खांबच वाकडा असणार. खांब तपासला. खांब सरळ आहे.

कारखान्यातलं निम्मं काम या प्लेटांचं आहे, हे तुला मी सांगायला नको. ते गेलं तर दादा दुसरं मशीन कशावर चालवणार?

एकच विचारते. तू मोजायचीस तेव्हा वेगळं काय करायचीस?

तुझी नणंद


२८ मार्च

वन्सं,

बसून वाच.

तुझ्या ड्रॉइंगमध्ये चूक आहे, आणि ती पहिल्या दिवसापासून आहे. A हे अक्षर तू पुढच्या बाजूला दिलंस. पुढच्या बाजूवर काय बसतं? पत्र्याचं झाकण. खांबाला भिडते ती मागची बाजू. हात सरळ राहायचा तर भोक मागच्या बाजूशी काटकोनात हवं. झाकणाला त्याचं काय सोयरसुतक? दोन्ही बाजू मशीनवर वेगवेगळ्या वेळी होतात, त्या एकमेकींना तंतोतंत समांतर नसतात, आणि तसं असावं असं तू ड्रॉइंगवर कुठे लिहिलेलंही नाहीस. त्यामुळे पुढून अगदी सरळ असलेलं भोक मागून केसभर वाकडं निघतं. हात लांब आहे. इथला केस तिथे टोकाला जाईपर्यंत बोटभर होतो.

तुमच्याकडे यंत्र जोडताना मी एकदा उभी राहून पाहिलं होतं, म्हणून मला पहिल्याच खेपेला कळलं. मी कारागिराला सांगितलं, प्लेट उलटी धर, मागच्या बाजूवर बसवून भोक कर. मोजलं तेही मागूनच. रिपोर्टवर लिहिलं ‘A पासून’. नव्या इन्स्पेक्टरला मी सगळं सांगितलं आणि एवढंच सांगितलं नाही. कारागिराला सवय आहे, तो करत राहील, असं वाटलं. पण कारागिराला फोन केला तेव्हा कळलं, पोराने ड्रॉइंग वाचलं, जॉब उलटा धरलाय म्हणून कारागिराला थांबवलं आणि प्लेट सुलटी करवली. त्याने तू लिहिलंस ते केलं. त्याचे रिपोर्ट खरे आहेत, माझे नव्हते.

तू विचारशील, मला का नाही सांगितलंस. सुरुवातीला वाटलं, पोरीचं पहिलं मोठं ड्रॉइंग आहे, साहेबांपुढे हसं नको. हे कारण खोटं नाही पण पुरं नाही. पुढे खरेदीवाल्यांनी तीन कारखान्यांना प्लेट दिली आणि तिघंही हात टेकून गेले. त्यांनी तुझ्या ड्रॉइंगप्रमाणेच केली होती गं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की जोवर ड्रॉइंग चुकीचं आहे तोवर ही प्लेट आपल्याशिवाय कोणाला जमणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझ्या दादाला वाटतं त्याच्या हाताचं कसब, तुला वाटतं तुझ्या रेघांचं. म्हटलं दोघं भावंडं खूश आहेत, मशीन फिरतंय, आपण कशाला तोंड उघडा. यात मला लाज वाटली असं मी म्हणणार नाही. घर चालत होतं.

आता दोन वाटा आहेत. मी चार दिवसांसाठी घरी जाते, प्लेट परत उलटी करून घेते, हा लॉट चुकून गेला म्हणून बदलून देतो आणि सगळं पहिल्यासारखं. तुझी खुर्चीही जागेवर. नाहीतर तू ड्रॉइंग बदल. पण नीट विचार करून बदल, कारण एकदा ते बरोबर झालं की ती प्लेट कोणीही करू शकेल, आणि आपल्यापेक्षा स्वस्तात करेल. तुझ्या दादाला यातलं काहीच माहीत नाही.

पहिली वाटच घे म्हणून मी लिहायला बसले होते. पण इथल्या इस्पितळात तुमच्यासारखंच एक यंत्र आहे, दुसऱ्या कुठल्या कंपनीचं. काल बाबांना झोळीतून उचललं, नर्सचा धक्का लागून हात थोडासा फिरला. यंत्र चांगलंच होतं, नर्सने लगेच धरलंही. पण बाबांनी माझं मनगट असं आवळलं की अजून वळ आहेत. म्हणाले, “पोरी, मला खाली ठेव.” पुढच्या खेपेला मी आजारी असेन, नाहीतर मेलेली असेन, आणि कोणीतरी तुझं ड्रॉइंग जसं आहे तसं वाचेल.

मागच्या कोऱ्या बाजूवर मी प्लेट काढून दिली आहे. A कुठे द्यायचा, B आणि C म्हणजे दुसरी-तिसरी बाजू कुठली, समांतरपणाची चौकट कुठे, सगळं आहे. वापरायचं की नाही, तू ठरव.

वहिनी


६ एप्रिल

वहिनी,

तुझा राग आला. दोन दिवस पत्र लिहायला घेतलं नाही ते त्यासाठीच. माझं नाव झालं ते माझ्या कामाने झालं असं मी समजत होते, आणि तू तिकडे गालातल्या गालात हसत होतीस की काय, असं वाटत राहिलं. मग वाटलं, हसली असती तर बरं झालं असतं, निदान मला कळलं तरी असतं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढत होते मी, आणि त्याही चुकीच्या.

पण सगळ्यात जास्त लागलं ते त्या तीन कारखान्यांचं. त्यांतल्या एकाला, तो म्हातारा मालक स्वतः प्लेटा घेऊन आला होता, आमच्या यादीतून कायमचं काढलं. काढल्याचं पत्र त्याला जाण्याआधी साहेबांनी मला बोलावून विचारलं होतं, की ड्रॉइंग नक्की बरोबर आहे ना. मी मान डोलावली होती. अंगण वाकडं म्हणाले म्हणून मी त्यांची थट्टा केली. अंगण खरोखरच वाकडं होतं.

बैठकीत क्वालिटीच्या साहेबांनी दादाच्या कारखान्याचा कागद तयारच आणला होता. माझ्याआधी तीन जण बोलले. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले, कारण बसून सांगायला जमलं नसतं. म्हटलं, “माल ड्रॉइंगप्रमाणेच आहे. ड्रॉइंग चुकीचं आहे, आणि ते मी काढलंय.”

मग इतके दिवस प्लेटा बसत कशा होत्या, असं त्यांनी विचारलंच. आधी मोजणाऱ्या बाईंना यंत्र माहीत होतं, आताच्या माणसाला फक्त ड्रॉइंग माहीत आहे, एवढंच मी सांगितलं. तुझ्या रिपोर्टांचा विषय मी काढला नाही. ते हुशार आहेत, त्यांना कळलं असेल. पण त्यांनी कागद घडी करून ठेवला. त्या म्हाताऱ्यांना यादीत परत घ्यावं असंही मी म्हटलं, आणि ते लिहून घेतलं गेलं.

गोदामातल्या सगळ्या प्लेटा मागच्या बाजूवर ठेवून पुन्हा मोजल्या. थोड्या वाचल्या, बाकीच्या भंगारात. त्यांचा भार आमची कंपनी उचलणार आहे.

नवीन ड्रॉइंग मी तुझ्या कागदावरून उतरवलं नाही. आधी खाली जाऊन अर्धा दिवस जोडणीवाल्यांजवळ उभी राहिले. काय कशावर बसतं, कुठला बोल्ट आधी आवळतात, झाकण केव्हा लागतं, ते पाहिलं. मग वर येऊन स्वतः काढलं आणि शेवटी तुझा कागद उघडला. B आपला एकच निघाला. C मी वेगळा घेतलाय, खालची कड, कारण जोडणीवाला प्लेट तिच्यावर टेकवून बसवतो. तू पाहिलंस तेव्हा बहुतेक जुनी पद्धत होती. तुझी चूक काढायला मला इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं.

सोबत दादासाठी वेगळं पत्र आहे. सगळं लिहिलंय. तू जाशील तेव्हा त्याच्या हातात दे, आणि त्याने ते वाचेपर्यंत मध्ये बोलू नकोस.

तुझी नणंद


३० एप्रिल

वन्सं,

C तुझा बरोबर आहे. मान्य.

बाबा काठी घेऊन खोलीत चालतात. मी घरी परतले.

तुझं पत्र तुझ्या दादाला दिलं. त्याने ते कारखान्यात उभ्यानेच वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि टेबलावरची एक प्लेट उचलून पुढून पाहिली, मागून पाहिली. मग मला विचारलं, “म्हणजे माझ्या हाताचं काहीच नव्हतं?” मी म्हटलं, होतं, पण एकट्या हाताचं नव्हतं. तो कारागिराकडे गेला आणि त्याला विचारलं, की तुला माहीत होतं का हे. तो बिचारा म्हणाला, बाई सांगतात तसं मी करतो, मला काय माहीत. तेव्हापासून घरात तो माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतो. भाजीत मीठ कमी आहे, एवढं सांगतो. तुझं नाव काढत नाही.

तुमच्या खरेदीकडून नवीन ड्रॉइंग आलं, दर मागवले. आम्हालाही आलं आणि आणखी चौघांना. आम्ही दरात जेवढं खाली उतरता येईल तेवढं उतरलो. काम गेलं त्या म्हाताऱ्या मालकांकडे, ज्यांना तुम्ही यादीतून काढलं होतंत. त्यांचं मशीन नवीन आहे, आमच्यापेक्षा लवकर करतात. यात कोणाची लबाडी नाही.

आमचं दुसरं मशीन सध्या झाकून ठेवलंय. त्यावरच्या कारागिराला तुझ्या दादाने स्वतः जाऊन दुसरीकडे कामाला लावून दिलं. चष्मेवाला इन्स्पेक्टर राहिलाय. मी आता त्याच्याकडून ड्रॉइंग अक्षरन्अक्षर वाचायला शिकते आहे, कारण माझी सवय मोडायला हवी. तोही मला विचारतो, की बाई, हा जॉब कशावर बसतो? त्यालाही एक सवय लागायला हवी होती.

तुझ्यावर माझा राग नाही. वाईट मात्र वाटतं, ते लपवत नाही.

वहिनी


१८ जून

वहिनी,

नवीन कारखान्याचा पहिला लॉट आला. मी महिनाभर त्यांच्या फोनची वाट पाहत होते. ही चौकट कशासाठी, हा B कुठला, असं काहीतरी विचारतीलच. एकदाही फोन आला नाही. प्लेटा आल्या, बसल्या. पोती घालून हात मधोमध सोडला आणि तो जिथल्या तिथे राहिला. चाचणीवाला पोती लटकत ठेवून चहाला गेला आणि मी तिथेच उभी राहून बघत होते. हात हलला नाही.

मला आनंद झाला, वहिनी, आणि मग त्या आनंदाची लाज वाटली, कारण ते दादाच्या मशीनवर झालेलं नव्हतं.

खुर्ची शेजारणीला मिळाली. ती माझी ड्रॉइंगं तपासते आणि खरंच नीट तपासते. मी तिच्याबद्दल उगाच तुला काहीबाही लिहिलं होतं. साहेब म्हणाले, पुढे बघू. मी म्हटलं, बघू.

मी दादाला दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही. सणकी आहे हे लहानपणापासून माहीत आहे, पण इतके दिवस त्याने कधी धरून ठेवलं नव्हतं. तो ठीक आहे ना, एवढंच कळव. यंत्राच्या हाताच्या नव्या कडीचं ड्रॉइंग मी काढलं आहे, तिचे दर खरेदीवाले सगळीकडून मागवतायत. तुमच्यासाठी मी शब्द टाकलेला नाही, टाकणारही नाही. पण तुमच्याकडे येईल.

तुझी नणंद


२ जुलै

चिमे,

मला पत्र लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे. फोन केला असता तर भांडलो असतो, म्हणून लिहितो. तुझ्या वहिनीला दाखवलेलं नाही.

तुझा राग आला होता. अजून थोडा आहे. काम गेलं त्याचा नाही, कामं जातात येतात. इतकी वर्षं मी लोकांना प्लेट हातात देऊन सांगायचो, बघा, हे दुसऱ्या कोणाला जमत नाही. त्याचा राग आहे. तुझ्यावर काढायला सोपा म्हणून तुझ्यावर काढला. त्या म्हाताऱ्याला भेटून आलो. त्याच्याकडे तुझी प्लेट पाहिली. चांगली करतो.

कडीचं ड्रॉइंग आलं. खाली तुझं नाव आहे, पण ते झाकलं असतं तरी मी ओळखलं असतं. मी, वहिनी आणि चष्मेवाला असे तिघं त्यावर बसलो. मी काहीतरी चूक निघावी म्हणूनच बसलो होतो, खोटं कशाला बोलू. तासभर पाहिलं. विचारायला काही ठेवलं नाहीस. दर भरून पाठवलाय. मिळाला तर करू, नाही मिळाला तर नाही.

पण एक अडचण झाली आहे. तुझ्या जुन्या ड्रॉइंगांत नेहमी काहीतरी राहिलेलं असायचं. मी फोन करायचो, हे काय लिहिलंय म्हणून ओरडायचो, तू ओरडायचीस, आणि मग आपण अर्धा तास इकडचं तिकडचं बोलायचो. आता ते कारण राहिलं नाही.

रविवारी सकाळी फोन करतो, कारण नसताना. उचल.

दादा